तासगावच्या मांडवापासून पाचगणीच्या बाटलीपर्यंत

सांगली जिल्ह्यात द्राक्ष बघायचं तर फेब्रुवारीचा शेवटचा पंधरवडा उत्तम. खाण्याच्या द्राक्षाची तोडणी जोरात असते, बेदाण्याची शेड भरायला लागलेली असतात, आणि रात्री अजून गार असतात. तासगाव, पलूस, कराड, सातारा, वाई, पाचगणी असा आमचा मार्ग होता. द्राक्षापासून सुरुवात करून चांगल्या पांढऱ्या वाइनपर्यंत जायचं ठरलं होतं. ती वाइन जिथे मिळाली तिथे ती असेल अशी अपेक्षा नव्हती. म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहोत.

दिवस पहिला : सांगली, तासगाव, सावळज

सकाळी सातला सांगली सोडलं. माधवनगर, कवलापूर, कुमठे करत तासगाव पाऊण तासात येतं. गणपतीचं सात मजली गोपूर दुरूनच दिसतं. महाराष्ट्रात असं दाक्षिणात्य गोपूर क्वचितच आढळतं. दर्शन घेऊन लगेच सावळजच्या बाजूला निघायचं, कारण नऊनंतर बागेत ऊन चटकायला लागतं आणि तोडणी थांबते.

इथली बहुतेक बाग थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीच्या कुळातली. तास-ए-गणेश ही थॉमसनमधूनच तासगाव भागात निवडलेली जात. सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजची, लांब मण्यांची. वर्षाला दोन छाटण्या होतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यात काडी तयार होते. ऑक्टोबरात फळछाटणी, तिच्यावर माल येतो. घड लहान असताना विरळणी करतात आणि मणी लांब व्हावा म्हणून जीएच्या (जिबरेलिक आम्ल, वाढीचं संप्रेरक) द्रावणात घड बुडवतात. मणी मोठा, साल पातळ, बी नाही, आंबटपणा कमी. खायला अगदी हवं तेच.

वाइनला मात्र नेमकं उलटं लागतं. पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि रसात आम्ल भरपूर असावं लागतं. वास बराचसा सालीत आणि सालीलगतच्या गरात असतो. मणी जितका मोठा, तितकी रसाच्या मानाने साल कमी पडते आणि वास पातळ होतो. थॉमसनच्या रसाची वाइन होते, पण ती सपक लागते. चव जिभेवर टेकते आणि लगेच विरते. बागायतदाराकडे रिफ्रॅक्टोमीटर असतोच. मणी चिरडून एक थेंब काचेवर टाकला की ब्रिक्स कळतो. खाण्याचा माल १८ ते २० ब्रिक्सला उतरवतात, पांढऱ्या वाइनचा साधारण २० ते २३ ला. पण ब्रिक्स म्हणजे फक्त साखर. वाइनवाला साखरेसोबत आम्ल आणि पीएचही मोजतो. साखर २२ झाली आणि आम्ल गेलं, तर ती बाग वाइनच्या कामाची राहत नाही.

दुपारी बेदाण्याचं शेड बघावं. सावळज, कवठेमहांकाळ, नागज या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती दिसतात. वर पत्रा, बाजूला शेडनेट, आत जाळ्यांचे रॅक एकावर एक. इथला माल २२ ब्रिक्सच्या पुढे गेल्यावरच उतरवतात, कारण गोडी कमी असेल तर बेदाणा हलका आणि सुरकुतलेला होतो. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, असं द्रावण असतं. क्रेट त्यात दोन ते चार मिनिटं बुडवतात. त्याने सालीवरचं मेण फाटतं आणि पाणी बाहेर पडायला वाट मिळते. बुडवलं नाही तर त्याच मालाला कितीतरी जास्त दिवस लागतात आणि रंग तपकिरी होतो. शेडमध्ये बारा ते पंधरा दिवसांत माल वाळतो, मग रॅक हलवून झाडणी करतात. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा, हा इथला ठोकताळा. मधेच आभाळ आलं की सगळे धास्तावतात. दमट हवेत मणी काळे पडतात आणि सौद्यात भाव कोसळतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे ते या मेहनतीवर.

शेडमध्ये उभं राहिलं की हिरवट, मधासारखा वास येतो. तो लक्षात ठेवावा. पांढऱ्या वाइनच्या पेल्यात तसाच जड, सुकलेल्या फळाचा वास आला आणि वाइन गोड प्रकारातली नसेल, तर बाटली उन्हात किंवा हवेत खराब झाली असण्याची शक्यता मोठी.

मुक्काम तासगावात किंवा परत सांगलीत. रात्री आयर्विन पुलावर गेलं तर कृष्णेचा वारा मिळतो. सोबत भडंग घ्यावा.

दिवस दुसरा : पलूस, औदुंबर, कराड, सातारा

तासगावहून पलूस जवळच. वाटेत भिलवडी आणि कृष्णाकाठचं औदुंबर. दत्ताच्या देवळाचा घाट शांत आहे, सकाळी गर्दी नसते.

पलूसला कृष्णा व्हॅली वाइन पार्क आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. त्या धोरणातून नाशिककडे विंचूर आणि इकडे पलूस अशी दोन ठिकाणं वाइनसाठी उभी राहिली. त्या वर्षांत वाइनच्या जातींची लागवड वाढली. २००८ नंतरच्या मंदीत मागणी बसली आणि राज्यातल्या अनेक बागायतदारांनी त्या जाती काढून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? खाण्याचा माल बाजारात किंवा बेदाण्याला जातोच. वाइनचा माल मात्र वायनरीने नाही उचलला तर त्याला दुसरं गिऱ्हाईक नसतं. या जिल्ह्यात द्राक्षाची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिचा वाइनला पुरेसा उपयोग झाला नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

पांढऱ्या वाइनचं काम आधीच समजून घेतलं की पुढे पेल्यात काय शोधायचं ते कळतं, म्हणून थोडक्यात सांगतो. तोडणी पहाटे. माल लहान क्रेटमध्येच आणायचा, म्हणजे खालचे मणी फुटत नाहीत. फुटला की रस हवेत काळवंडतो. वायनरीत लगेच गार करून हलक्या दाबाने रस काढतात. जोरात दाबलं तर बी आणि देठाचा तुरटपणा उतरतो. किलोमागे ६०० ते ७०० मिली रस मिळतो. तो गार टाकीत एक रात्र बसू देतात, गाळ खाली जातो. वरचा नितळ रस वेगळा काढून त्यात यीस्ट घालतात आणि स्टीलच्या टाकीत १४ ते १६ अंशांवर दोन-तीन आठवडे आंबवतात. टाकीभोवती गार पाणी फिरत राहतं. तापमान २५ च्या वर गेलं तर आंबणं आठवड्याभरात उरकतं, पण फळाचा वास वायूबरोबर उडून जातो. २२ ब्रिक्सच्या रसातून साधारण साडेबारा टक्के अल्कोहोल होतं.

आपल्याकडची मोठी अडचण उकाड्याची. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. रात्र उबदार असेल तर वेल मॅलिक आम्ल श्वसनात खर्चून टाकतो. साखर चढते, आम्ल उतरतं. म्हणून महाराष्ट्रात पांढऱ्या जाती थंडी संपायच्या आत उतरवतात, आणि म्हणून शेनँ ब्लाँ इथे इतकी रुजली. मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली ही जात उन्हातही आंबटपणा बऱ्यापैकी धरून ठेवते. सोव्हिन्याँ ब्लाँ ही दुसरी पांढरी जात हवी तर तोडणी चार दिवस आधी, नाहीतर तिचा तो हिरव्या मिरचीचा, गवती वास निघून जातो.

पलूसहून कराडला दुपारपर्यंत पोहोचतो. जेवायला अख्खा मसूर आणि भाकरी. कराडहून राष्ट्रीय महामार्गाने सातारा तासाभरात.

साताऱ्यात रात्री एका परमिट रूममध्ये पांढरी वाइन मागवली. पेल्यात आली ती गडद पिवळी, वास शिजवलेल्या सफरचंदाचा, चव सपाट. बाटली कधी उघडली याचं उत्तर मिळालं नाही. परत केली, त्यांनी हुज्जत न घालता घेतली. असं का होतं हे समजून घेतलं पाहिजे. वाइन कमी खपते, म्हणून बाटली काउंटरमागे मद्याच्या बाटल्यांशेजारी उभी राहते. वर दिवा, मागे फ्रिजची गरम हवा. मद्याला त्याने काही होत नाही, कारण अल्कोहोल चाळीस टक्क्यांच्या वर. साडेबारा टक्क्यांची वाइन तिथे एक उन्हाळा काढू शकत नाही. पेल्यावर विकायला उघडलेली बाटली तर फ्रिजमध्येसुद्धा दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. तेव्हा पेला मागवण्याआधी "बाटली कधी उघडली?" हे विचारावं, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर बिअर घ्यावी.

दिवस तिसरा : वाई, पसरणी घाट, पाचगणी

महामार्गावर पाचवड फाट्याला डावीकडे वळलं की वाई. ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट, जमलं तर मेणवलीचा वाडा. अकराच्या आत घाटाला लागावं. पसरणी घाट बारा-तेरा किलोमीटरचा, वळणं अरुंद, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. वर गेलं की हवा बदलते. पाचगणी साधारण १३०० मीटरवर आहे. टेबललँड उन्हाआधी किंवा संध्याकाळी.

रात्रीचं जेवण एका जुन्या बंगल्यातल्या लहान हॉटेलात. पाचगणीत पारशी घरांची वस्ती जुनी, त्यामुळे पात्रानी मच्छी, साली बोटी असे पदार्थ इथे सहज भेटतात. वाइनची यादी एकाच पानाची. त्यात ओळखीच्या शेनँ आणि सोव्हिन्याँच्या खाली एक नाव होतं : ग्रिलो, रेव्हेलो, नाशिक.

रेव्हेलो ही वायनरी, तिची ही बाटली आमच्या भागात सहसा दिसत नाही. ग्रिलो हे इटलीच्या दक्षिणेकडच्या सिसिली बेटावरचं पांढरं द्राक्ष. कातारात्तो आणि झिबिब्बो या दोन जातींच्या संकरातून ते झालं. झिबिब्बो म्हणजे मस्कत कुळातली सुवासिक जात. पश्चिम सिसिलीतलं मार्साला हे बंदर त्याच्याशी जोडलेलं आहे. तिथली मार्साला वाइन १७७३ मध्ये जॉन वुडहाउस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने इंग्लंडला पाठवायला सुरुवात केली. ती टिकावी म्हणून तिच्यात मद्यार्क मिसळत. पुढे एकोणिसाव्या शतकात ग्रिलो आली आणि मार्सालाची मुख्य जात ठरली, कारण ती भरपूर साखर धरते. स्टीलच्या टाक्या आणि गार आंबवण आल्यावर तिची साधी, कोरडी वाइनही उत्तम होते हे लोकांना कळलं. सिसिलीचा उन्हाळा कडक आणि कोरडा. ग्रिलो तो सोसते आणि तरी आंबटपणा सोडत नाही. रेव्हेलो नाशिक जिल्ह्यातल्या निफाडची, तिथल्या उन्हात ही जात लावण्यामागचा विचार इथे कळतो. शेनँ, सोव्हिन्याँ लावणारे पुष्कळ आहेत. ग्रिलोवर श्रम घालणारी भारतात आम्हाला माहीत असलेली वायनरी हीच.

तरीही यादीतलं नाव म्हणजे पेल्यातली वाइन नव्हे. मागवण्याआधी तीन गोष्टी बघितल्या. पहिली, बाटली कुठून आणली. जिन्याखालच्या वाइनच्या वेगळ्या फ्रिजमधून, आडवी ठेवलेली, दाराला काळी काच. आडवी ठेवली की बूच ओलं राहतं, आकसत नाही. काळ्या काचेमुळे उजेड आत जात नाही. दुसरी, वर्ष. अशा ताज्या पांढऱ्या वाइनचं लेबलवरचं वर्ष दोन-तीन वर्षांच्या आतलं हवं. होतं. मागच्या लेबलवर बाटलीत भरल्याची तारीखही छापलेली असते, तीही वाचावी. तिसरी, बाटलीचं तोंड. बूच वर सरकलेलं किंवा मानेवर चिकट ओघळ असेल तर बाटली तापली होती असं समजावं. तापलेली वाइन फुगते आणि बूच ढकलते. मान कोरडी होती.

बाटली हाताला जरा जास्तच गार लागली. घरच्या फ्रिजच्या चार-पाच अंशांवर पांढरी वाइन मुकी होते, वास बाहेरच येत नाही. ग्रिलोला ८ ते १० अंश हवेत. पेल्यात ओतून दहा मिनिटं थांबलं की तेवढी येते. बाटली उबदार असेल तर उलटं करावं. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ, वीस मिनिटं. नुसता बर्फ भरला तर खड्यांमध्ये हवा राहते आणि गारवा बाटलीला पोहोचत नाही, म्हणून पाणी आवश्यक. पेल्यात बर्फ घालू नये.

वेटरने चाखायला घोटभर ओतली. हा घोट वाइन आवडली की नाही हे सांगण्यासाठी नसतो, ती खराब तर नाही हे बघण्यासाठी असतो. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट वास आला तर बूच दोषी, बाटली हक्काने बदलून मागावी. सुकामेव्याचा, जुन्या सफरचंदाचा वास आला तर हवा लागलेली. नुकत्या विझलेल्या काडीसारखा वास मात्र गंधकाचा असतो. पेला दोन-चार वेळा फिरवला की तो जातो, त्यासाठी बाटली परत करू नये.

या पेल्यात यातलं काही नव्हतं. रंग फिकट, कडेला हिरवट झाक. पहिला वास लिंबाच्या सालीचा. मग कच्च्या पेरूचा, तो आतून गुलाबी होण्याआधीचा. थोडं थांबल्यावर मागून मस्कतचा, फुलांचा अगदी पुसट वास, आईबापातल्या झिबिब्बोकडून आलेला. तोंडात कोरडी, गोडी जवळपास नाही. आंबटपणा जिभेच्या कडांना धरून राहतो, आणि घोट गिळल्यावर खारट अशी एक किनार उरते. सिसिलीच्या ग्रिलोबद्दल खारट चवीचं वर्णन नेहमी येतं. ती समुद्राची म्हणतात. निफाड समुद्रापासून लांब आहे आणि तरी ती किनार इथे आहे. म्हणजे ती बरीचशी जातीतूनच येत असावी. आंबणं गार झालं आहे हे वासाच्या स्वच्छपणावरून कळतं. घोट गिळल्यानंतर चव रेंगाळते, हे उष्ण प्रदेशातल्या पांढऱ्या वाइनमध्ये दुर्मिळ.

बरोबर पात्रानी मच्छी मागवली. केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेलं पापलेट, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबाची चटणी. वाइनचा आंबटपणा खोबऱ्याचा स्निग्धपणा कापून काढतो आणि लिंबाला लिंबू भेटतं. तिखट बेताचं असल्याने अडचण आली नाही. आपल्या भागात हा मुद्दा नीट ध्यानात ठेवावा. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं. तांबड्या रश्शाबरोबर ही वाइन घेतली तर दोन्ही वाया जातात, रस्सा आणखी जळतो आणि वाइन पाण्यासारखी लागते. पांढऱ्या रश्शाबरोबर मात्र छान जुळेल, त्यात खसखस, काजू, खोबरं असतं. कृष्णेतली मरळ रव्यात तळून लिंबू पिळून, महाबळेश्वरची मक्याची पॅटिस, लसणाची चटणी बाजूला ठेवून खाल्लेला भडंग, हे सगळं चालेल. स्ट्रॉबेरी क्रीम येण्याआधी पेला संपवावा. गोडानंतर कोरडी वाइन नुसती आंबट लागते.

७५० मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच पेले होतात. चौघांत एक बाटली जेवणाला पुरते. पेला तृतीयांशच भरावा, वासाला वर जागा लागते.

बिल बघताना एक लक्षात ठेवा. जेवणावर जीएसटी लागतो, दारूवर आणि वाइनवर तो लागत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट. एकाच बेरजेवर दोन्ही लावलेलं दिसलं तर दुरुस्त करून घ्यावं. हॉटेलात दारू पिण्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं. २६ जानेवारी, २ ऑक्टोबर आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास अशा कोरड्या दिवसांना यादीतलं काहीच मिळणार नाही, तारीख ठरवताना ते बघावं. आणि मुक्काम चालत जाता येईल असाच घ्यावा. पसरणी घाट रात्री पिऊन उतरायचा नसतो.

दिवस चौथा : पाचगणी, वाई, सातारा, सांगली

सकाळी हॉटेलवाल्यांना विचारलं, बाटली येते कशी? थेट वितरकाकडून, पेटीने, नाशिकच्या फेरीबरोबर. सुट्ट्या बाटलीसाठी कोणी गाडी पाठवत नाही. ही वाइन दुर्मिळ राहण्याचं कारण बव्हंशी हेच आहे. सांगली किंवा साताऱ्यात ती हवी असेल तर ओळखीच्या वाइन शॉपला ग्रिलो हे नाव, वायनरीचं नाव आणि वर्ष कागदावर लिहून द्यावं. दोन-तीन घरांनी मिळून पेटी घ्यायची तयारी दाखवली तर दुकानदार मागवतो. पेटीत बारा बाटल्या असतात. मार्चनंतर मागवू नये. ट्रकमध्ये दुपारच्या उन्हात दोन दिवस गेले तर वर लिहिलेलं सगळं व्यर्थ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आणण्याचा काळ.

एखादी बाटली बरोबर आणायची असेल तर डिकीत ठेवू नये. वाईत तासभर उन्हात गाडी उभी राहिली तरी डिकी भट्टी होते. थर्मोकोलच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, मागच्या सीटच्या पायाशी आडवी ठेवावी आणि एसी चालू असावा. घरी आल्यावर वापरातल्या फ्रिजच्या दारात ठेवू नये, तिथे दर उघडझापीला हेलकावा आणि गरम हवा. खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला आडवी ठेवून उन्हाळ्याआधी उघडावी. उघडल्यावर उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी, म्हणजे हवेला लागणारा पृष्ठभाग कमी राहतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला संपवावी.